कोण कोणास म्हणाले?

चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला दहावीच्या पुस्तकातला एखादा धडा सांगायला लावा. तो आधी छताकडे बघतो, मग म्हणतो, "ते एक होतं बघा, बैलाचं." बैलाचं म्हणजे काय, लेखक कोण, बैल शेवटी राहिला की गेला, काही आठवत नाही. त्यालाच 'संदर्भासह स्पष्टीकरण' एवढे दोन शब्द ऐकवा. पाठ ताठ होते आणि तोंडातून आपसूक बाहेर पडतं, "प्रस्तुत ओळी या..." लेखक गेला, बैल गेला, 'प्रस्तुत' तेवढा उरला.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्या अधिकाराने सांगते, आपल्याकडचा सगळ्यांत टिकाऊ साहित्यप्रकार म्हणजे धड्याखालचा स्वाध्याय. वरचा धडा ही त्याची प्रस्तावना, आणि प्रस्तावना कोण वाचतं? कथा, कादंबरी, नाटक, लघुनिबंध, सगळ्यांचे इतिहास लिहून झाले. स्वाध्यायाकडे मात्र एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेलं नाही. खरं तर त्याला स्वतःची पात्रं आहेत, स्वतःचं नीतिशास्त्र आहे, आणि वाचक तर असा की दर वर्षी सक्तीने नवा मिळतो.

यातला सगळ्यांत नाट्यमय प्रवेश म्हणजे 'कोण कोणास म्हणाले?' गोष्ट कितीही करुण असो, मुलांची नजर फक्त अवतरणचिन्हांवर. पेन्सिलीने त्यांच्याभोवती गोल करायचा, समासात 'आई बंडूस' असं लिहायचं, की झाला धडा. एकदा एका धड्यातला म्हातारा शेतकरी आभाळाकडे बघून एकटाच काहीतरी बोलला आणि चाचणीत नेमकं तेच वाक्य आलं. उत्तरं आली ती अशी: शेतकरी आभाळास, शेतकरी पावसास, शेतकरी देवास, शेतकरी स्वतःस. एका मुलीने लिहिलं, 'शेतकरी म्हणाला, पण कोणीच ऐकत नव्हते.' मराठीतल्या निम्म्या ग्रामीण कादंबऱ्या तिने एका ओळीत उरकल्या होत्या. नमुना उत्तर होतं 'आभाळास'. तिला 'कोण'चा अर्धा गुण मिळाला.

ही अवतरणचिन्हं, स्वल्पविराम वगैरे मंडळी मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या साहेबाने. त्याआधी आपला सगळा कारभार या चिन्हांवाचून चालला होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं. 1290 सालची ज्ञानेश्वरी घ्या. नऊ हजार ओव्या, अवतरणचिन्ह एक नाही. कृष्ण अर्जुनाशी बोलतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो, ते सगळं ज्ञानेश्वर श्रोत्यांना सांगतात आणि मध्येच निवृत्तिनाथांशीही चार शब्द बोलून घेतात. त्यातली एखादी ओवी उचलून 'कोण कोणास म्हणाले?' असं विचारलं तर उत्तराला पुरवणी जोडावी लागेल. कँडीसाहेबाने आम्हाला स्वल्पविराम दिला आणि त्यासोबत 'विरामचिन्हे घालून वाक्य पुन्हा लिहा' हे दोन गुणही दिले. पहिल्याचा वापर फारसा कुणी करत नाही. दुसऱ्यावर मात्र पिढ्या पास झाल्या.

पण माझा खरा जीव 'वाक्यात उपयोग करा'मध्ये गुंतलेला आहे. इथे मुलांना मोकळं रान असतं. वाक्प्रचार दिलेला असतो, बाकी जग त्यांनी उभं करायचं. आणि ती दर वर्षी, प्रत्येक तुकडीत, एकच जग उभं करतात.

या जगात एक चोर आहे. तो रात्री घरात शिरतो, मालक जागा झाल्यावर धूम ठोकतो, पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकतो, त्यांच्या हातावर तुरी देतो आणि पोबारा करतो. पुढच्या प्रश्नात पोलीस त्याच्या मुसक्या आवळून त्याला गजाआड करतात. सहामाहीला तो पुन्हा बाहेर असतो. या राज्यात दुसरा गुन्हेगार नाही. सगळी तपासयंत्रणा या एका इसमामागे आहे आणि त्याने चोरलं काय, हे कोणत्याही वहीत लिहिलेलं नाही.

चोराखालोखाल राजू. राजू अभ्यासाकडे कानाडोळा करतो, वर्गात तारे तोडतो, ऐन परीक्षेत त्याची भंबेरी उडते आणि निकाल लागला की तो हाय खातो. या निकालाने बाबांच्या अंगाचा तिळपापड होतो. बाबांना दुसरं काही होतच नाही. ते कामावर कुठे जातात, त्यांना गाणं आवडतं का, याबद्दल वाक्प्रचार नाहीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते, एवढीच त्यांची दिनचर्या. आई दारात उभी असते. राजूला यायला उशीर झालेला असतो, म्हणून तिच्या पोटात गोळा येतो. तो आला की तिचा जीव भांड्यात पडतो. वर्षानुवर्षं तो त्याच भांड्यात पडतो आहे. मुलगा पहिला आल्यास तिला आकाश ठेंगणं होतं, पण ते दुसऱ्या घरात, कारण राजू पहिला येत नाही. आजी अंथरुणाला खिळलेली. आजोबा प्रत्येक सत्रात एकदा इहलोक सोडून जातात आणि पुढच्या सत्रात कामापुरते परत येतात.

घराबाहेर एक व्यापारी आहे, त्याचं टंचाईच्या काळात उखळ पांढरं होतं. एक पुढारी आहे, तो नक्राश्रू ढाळतो. पराक्रमाचं जेवढं काही असेल, शत्रूला कंठस्नान घालणं, सळो की पळो करून सोडणं, दाती तृण धरायला लावणं, ते सगळं शिवाजी महाराज आणि मावळे यांच्याकडे राखीव. त्यात कुणी ढवळाढवळ करत नाही. फक्त हातावर तुरी देण्याच्या बाबतीत महाराज आणि चोर यांचा हक्क समसमान. अर्धा वर्ग आग्र्याची सुटका लिहितो, अर्धा वर्ग घरफोडी, आणि व्याकरणदृष्ट्या दोघांनाही पूर्ण गुण द्यावे लागतात.

एका वर्षी एका मुलीने पाच वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग असा केला होता. रात्री दोन वाजता मुलगा घरी आला तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. त्याने पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या होत्या. वडिलांच्या अंगाचा तिळपापड झाला. आजीने कानाडोळा केला. सकाळी सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. मी वही हातात धरून तशीच बसले. चोर राजूच होता! इतकी वर्षं मी दोघांना वेगवेगळे समजून गुण देत आले, आणि ही पोर दोन ओळींत तपास लावून मोकळी. मी शेजारच्या गणिताच्या सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, पाचवं वाक्य जरा मोघम आहे."

याच पानावर पुढे 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' असतो. गुडघ्यापर्यंत हात पोचणारा तो आजानुबाहू. माझ्या एकाही विद्यार्थ्याला पुढच्या आयुष्यात असा माणूस भेटल्याचं ऐकिवात नाही. भेटलाच तर त्याला काय म्हणायचं याची तजवीज मात्र आम्ही करून ठेवली आहे. समानार्थी शब्दांचंही तेच. कमळाला पंकज, अंबुज, नलिनी, राजीव असे भराभर शब्द सांगणाऱ्या पोराला तळ्याकाठी उभं करा, ते शेवाळाकडे बोट दाखवेल.

व्याकरण हा वेगळाच प्रांत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा ते विशीत होते. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. विशीतला मुलगा विभक्तीत इतका रमू शकतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगत असे. मागच्या बाकावरून विचारणा होई, "बाई, त्यांना दुसरं काही नव्हतं का करायला?"

व्याकरणातला नायक राम. राम आंबा खातो, तो कर्तरी प्रयोग. रामाने आंबा खाल्ला, कर्मणी प्रयोग. रामाने रावणास मारले, भावे प्रयोग. अयोध्येपासून लंकेपर्यंतची कामगिरी तीन वाक्यांत आटोपते आणि त्यातली दोन आंब्यावर खर्च होतात. पण खरी गंमत पडताळ्याची. प्रयोग ओळखायचा तर कर्त्याचं लिंग बदलून बघायचं, क्रियापद हलतं का ते तपासायचं. राम आंबा खातो, सीता आंबा खाते. हललं, म्हणजे कर्तरी. आता भावेचा पडताळा घ्या. मुलं प्रामाणिकपणे लिहितात: 'सीतेने रावणास मारले.' क्रियापद ढिम्म. सेतू नको, वानरसेना नको, हनुमानाला समुद्र ओलांडायचं कारण नाही. अशोकवनातल्या अशोकवनात प्रकरण मिटलं. आता कर्म बदलून बघा: 'रामाने शूर्पणखेस मारले.' क्रियापद अजूनही ढिम्म. लक्ष्मणाचं नाककापणीचं खातं परस्पर बंद. एका वर्गात तर एकाने उत्साहाच्या भरात दोन्ही बाजू फिरवल्या आणि 'रावणाने रामास मारले' असा पडताळा घेतला. वर्गात शांतता पसरली. मी म्हटलं, प्रयोग भावेच आहे, पण ही वही घरी आजोबांना दाखवू नकोस.

वृत्तं शिकवताना मला सर्वांत जास्त मजा यायची आणि मुलांना सर्वांत कमी. आठ गण पाठ करायला आठ शब्द दिलेले: यमाचा, राधिका, ताराप, नमन, भास्कर, जनास, समरा, मानावा. ज्याचं पहिलं अक्षर त्याचा गण. सबंध वर्ग एका सुरात म्हणू लागला की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी लग्नाची आमंत्रणं चालली आहेत. "बाई, ताराप कोण?" हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. मी सांगत असे, त गणाचा माणूस आहे, त्याला दुसरा कामधंदा नाही. मुलांचं समाधान व्हायचं. राधिकेबद्दल मात्र कधी कुणी विचारलं नाही.

या खात्यातला विरोधाभास असा की भुजंगप्रयात मुलांना पाळण्यापासून येत असतो. समर्थांनी मनाचे श्लोक त्याच वृत्तात रचले. ज्या मुलाने संध्याकाळी देवासमोर ते डोळे मिटून, एक मात्रा न चुकवता म्हटलेले असतात, तोच सकाळी डोळे उघडे ठेवून लगक्रम लावायला बसतो आणि चार य गणांऐवजी त्याला तीन य आणि एक ताराप सापडतो. मंदाक्रांता तर बोलायलाच नको. सतरा अक्षरं, म भ न त त आणि वर दोन गुरू. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर विरहाने झुरतो आहे, मेघाच्या पाया पडतो आहे, पण चौथ्या अक्षरावरचा यती चुकवत नाही. मुलांना या यक्षाबद्दल सहानुभूती वाटावी अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणत, बाई, त्याने साधी चिठ्ठी का नाही पाठवली?

आता कवींकडे यायला हवं. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. केशवसुत पेशाने शिक्षक. 'तुतारी'त त्यांनी जुनं ते मोडून काढण्याची हाक दिली. त्या तुतारीचं पुढे काय झालं? 'कवीने कोणते वाद्य मागितले आहे?' एक गुण. मराठीत सुनीत आणलं त्यांनीच. 'सुनीतात किती ओळी असतात?' चौदा. एक गुण. क्रांतीचे एकूण गुण दोन, पैकी किती पडले ते पालकांच्या सहीसह आणायचं. शाळामास्तर असल्यामुळे आपल्या तुतारीची ही गत पुढे कोणत्या वहीत होणार, हे केशवसुतांनी ओळखलं असावं, अशी मला शंका आहे.

बालकवींचा 'औदुंबर' आठ ओळींचा. त्या आठ ओळींत निसर्गचित्र आहे की उदासी, की वैराग्य, की आणखी काही, यावर मोठमोठ्या समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली आणि एकमत काही झालं नाही. आम्ही नववीच्या पोराला तो देतो आणि म्हणतो, कवितेचा भावार्थ आठ ते दहा ओळींत लिहा. म्हणजे कवितेपेक्षा मोठा लिहा. गाईडमध्ये तो लिहिलेलाच असतो आणि त्याची सुरुवात हमखास 'कवीला असे म्हणायचे आहे की' अशी. बालकवी 1918 साली गेले. आपल्याला काय म्हणायचं होतं हे त्यांना कधी कळलंच नाही.

बहिणाबाई चौधरींची गोष्ट याहून न्यारी. खानदेशातल्या असोद्याची ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात ओव्या रचायची. 1951 साली ती गेली आणि पुढच्याच वर्षी तिची गाणी पुस्तकरूपाने आली. मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे महाराष्ट्राला ती कळली. आता परीक्षेची मांडणी बघा. पहिल्या पानावर बहिणाबाईंची कविता, तिचं रसग्रहण करा: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. तिसऱ्या पानावर: 'लिहिता-वाचता न येणारा' याबद्दल एक शब्द द्या. आमच्या वर्गातल्या हुशार मुली दोन्हींचे पूर्ण गुण घेत आणि पहिल्या पानाचा तिसऱ्याशी काही संबंध असेल अशी शंका त्यांना चुकूनही शिवत नसे.

निबंधाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो विषय आवरत नाही. आत्मवृत्त हा प्रकार मराठी शाळेत जेवढा फोफावला तेवढा कुठेच फोफावला नसेल. फाटकं पुस्तक, तुटकी छत्री, पडका किल्ला, ओसाड विहीर, सगळ्यांना कंठ फुटतो. एकूण एक वस्तू एकाच वाक्याने सुरुवात करते, 'अरे बाळा, थांब, घाबरू नकोस.' आणि सर्वांचं तारुण्य वैभवात गेलेलं असतं. सुखी वस्तूने मनोगत लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नवीकोरी छत्री काही बोलत नाही, तिला वेळ नसतो. पत्रलेखनातली माणसं तर आणखी गूढ. अ. ब. क. नावाचा एक गृहस्थ रोपवाटिकेकडे शंभर रोपं मागतो, आरोग्य अधिकाऱ्यांकडे कचऱ्याची तक्रार करतो, मित्राला बक्षीस मिळालं म्हणून अभिनंदन करतो आणि धाकट्या भावाला व्यायामाचं महत्त्व पटवतो. इतका कार्यक्षम नागरिक एकाही प्रभागाला लाभलेला नाही. त्याला एकाही पत्राचं उत्तर आलेलं नाही.

मधल्या काळात प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली. आता उत्तरं लिहायची नसतात, आकृत्या पूर्ण करायच्या असतात. मध्ये एक गोल, त्याला चार बाण, बाणांच्या टोकाला चार चौकटी. 'आईची वैशिष्ट्ये' असा गोल असला की चार चौकटींत प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, मायाळू. पाचवं वैशिष्ट्य असणाऱ्या आईची सोय नाही. एका मुलाने चौथ्या चौकटीत 'रागीट' लिहून बाण उलटा स्वतःकडे वळवला होता. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्या संध्याकाळी फोटो फिरतात, 'ओघतक्त्यातली तिसरी चौकट कुणाला आली का?' आणि एक अभियंता बाप रात्री अकरा वाजता लिहितो, 'धडा वाचायला लागेल असं वाटतंय.'

हे सगळं पाठ करून घेतल्यावर शेवटी असतो 'स्वमत'. म्हणजे तुमचं स्वतःचं मत लिहा. बोर्डाच्या पेपर तपासणीला आम्ही शिक्षक बसलो की या प्रश्नाशी सगळ्यांचा हात भराभर चालतो, कारण गठ्ठाभर पेपरांत स्वतःचं मत तेच असतं. 'मला हा पाठ फार आवडला. या पाठातून मला संस्कारांचे महत्त्व कळले.' गाईड एकच, मतही एकच. अशाच एका दुपारी पंख्याखाली माझ्या हाती एक पेपर आला. 'हा पाठ मला आवडला नाही,' इथून सुरुवात. खाली तीन कारणं. नायक सतत रडतो. लेखक सतत उपदेश करतो. आणि शेवट आधीच कळतो. वाक्यं छोटी, हस्ताक्षर नीट, तिन्ही कारणं बिनतोड.

नमुना उत्तरपत्रिकेत 'आवडला' एवढाच पर्याय होता. मी पेपर घेऊन मॉडरेटर सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"कारणं पटतात का, बाई?"

"पटतात."

"मलाही पटतात. पंचाईत आहे."

मग शेजारच्या टेबलावरच्या बाई आल्या, मागून जिल्ह्याचे एक सर आले. चहा आला. स्वमत म्हणजे विद्यार्थ्याचं मत धरायचं की पाठाबद्दलचं अधिकृत मत, यावर चर्चा रंगली. कुणी म्हणालं, लेखक हयात आहेत, जपून. कुणी म्हणालं, निदान एक मुद्दा संस्कारांचा हवा होता. शेवटी मॉडरेटर सरांनी पेपर माझ्याकडे परत दिला.

"शुद्धलेखन कसं आहे?"

"एकही चूक नाही, सर."

"मग शुद्धलेखनाचा एक गुण द्या. आणि," त्यांनी आवाज खाली आणला, "ती तीन कारणं मला एका कागदावर उतरवून द्या. पुढच्या महिन्यात अभ्यासक्रमाची बैठक आहे, तिथे बोलायला लागतील."

"कोणी सांगितलं म्हणून विचारतील, सर."

"सांगेन, तज्ज्ञांचं मत आहे म्हणून."